तिसऱ्या सुईपर्यंत

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. आलेला राग तसा संध्याकाळपर्यंत उतरतोही. पण एका वाक्याचा राग मी सात वर्षं सांभाळला. ते वाक्य माझ्या सासूबाईंचं: "हिच्या हाताला कुत्रं लाभत न्हाय."

आमचं गाव उमरग्याजवळ, हमरस्ता सोडून आत तीन किलोमीटर. घरी अकरा शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. मालक उमरग्यात एका शाळेची गाडी चालवतात, त्यामुळं शेळ्यांचं सगळं माझ्याकडं. शेळ्या म्हटलं की राखणीला कुत्रं पाहिजे. आमच्या माळावर लांडगे आहेत, आणि लांडग्याहून वाईट म्हणजे धाब्यांच्या उष्ट्यावर माजलेली मोकाट कुत्री. दोन वर्षांत माझी पाच करडं गेली.

कुत्री आणली नाहीत असं नाही. तीन आणली. पहिलं बारा दिवसांत गेलं. आधी उलट्या, मग रक्ताची हगवण, मग मान टाकली. दुसरं नऊ दिवसांत, अगदी तसंच. तिसरं तीन आठवडे टिकलं, माझ्या मागं मागं फिरायला लागलं, तेव्हा मला वाटलं हे जगलं. तेही गेलं. त्या दिवशी आत्या ओट्यावर बसून शेजारणीला ते वाक्य बोलल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. शेजारीण मान डोलावून गेली, आणि आमच्या गल्लीतून बाहेर गेलेली गोष्ट काही परत येत नाही. महिन्याभरात सगळ्या गावाला माझा हात ठाऊक झाला.

मग शेळी व्यायला झाली की आत्या मला बाजूला सारायच्या आणि करडाला पहिला हात स्वतः लावायच्या. पाणी मी तापवायचं, शेळी मी धरायची, वार मी पुरायची. फक्त ओल्या करडाला हात लावायचा नाही. एकदा मी भांडले. म्हटलं, "आत्या, माझा हात लागला की करडू मरतंय काय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तसं कुठं म्हणलं म्या? पण इषाची परीक्षा कशापायी घ्यायची?" उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणावं, तर बाई आयुष्यात कुणाशी वाकडं बोललेली नाही. जे बोलायची ते तिला मनापासून खरं वाटायचं, आणि तेच जास्त बोचायचं.

त्याहून वाईट म्हणजे मलाही ते पटायला लागलं होतं. आत्या घरात नसताना शेळी व्यायली, तरी करडाकडं गेलेला हात मीच मागं घ्यायची. स्वतःची मला लाज वाटायची, तरी घ्यायची.

गेल्या दिवाळीनंतर माझा भाऊ मोटारसायकलवर पिल्लू घेऊन आला. मेंढरं राखणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या कुत्रीचं. तांबूस रंग, दीड महिन्याचं, पायांची हाडं जाड. "ताई, ह्याची आई लांडग्याला भिडती," भाऊ म्हणाला आणि ते अंगणात सोडायला वाकला. मी ते वरच्यावर झेललं. कशी बुद्धी झाली देव जाणे. पदरात गुंडाळलं आणि म्हटलं, "गाडी चालू कर. उमरग्याला चल, जनावरांच्या दवाखान्यात."

"च्या तरी पिऊ दे की."

"च्या तिकडं पाजते."

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर ते वाक्य मला दिसलं. मी मनात म्हटलं, थांबा. हे पिल्लू जगवून दाखवते, मग बोला काय बोलायचं ते.

दवाखान्यातले डॉक्टर तुटक बोलणारे. त्यांनी पिल्लाचे डोळे, हिरड्या, पोट बघितलं आणि विचारलं, "आधीची कशानं गेली?" मी सगळं सांगितलं.

"बांधायची कुठं?"

"शेळ्यांच्या शेडच्या कोपऱ्यात."

"तिन्ही तिथंच?"

"तिन्ही."

"खाली काय असायचं?"

"पोतं."

"प्रत्येकाला नवीन?"

मी जवळजवळ अभिमानानं म्हणाले, "नवीन कशाला? तेच. जुन्या बारदानाचं जाड पोतं, असलं आता मिळतंय कुठं. पहिलं पिल्लू गेल्यावर धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलं व्हतं. ताटली बी तीच, दावं बी तेच." आमच्या घरात चांगली वस्तू टाकून द्यायची रीत नाही. मेलेल्या माणसाची चादर देऊन टाकतात, पण कुत्र्याच्या पोत्याला कोण सुतक पाळतं?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "हा रोग मातीत राहतो. पोत्यात राहतो, ताटलीला राहतो. वर्षभरसुद्धा राहतो. साबणानं जात नाही. दुसरं पिल्लू तुम्ही पहिल्याच्या आजारावर झोपवलंत, बाई. तिसरं दोघांच्या."

म्हणजे आत्या खोटं बोलत नव्हत्या. पोतं मी धुतलं, मी जपलं, मीच अंथरलं. तिन्ही पिल्लं या दोन हातांनी त्याच्यावर ठेवली. रडू यायला पाहिजे होतं, पण मला राग आला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तो आत्यांवर नव्हता.

डॉक्टरांनी मग पुढचं सांगितलं. तीन सुया. एक आज, दुसरी महिन्यानं, तिसरी आणखी महिन्यानं, आणि तिसरीबरोबर पिसाळण्याची वेगळी. तिसरी सुई होऊन दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लाचा पाय बाहेरच्या जमिनीला लागता कामा नये, आणि दुसऱ्या कुत्र्याशी गाठ पडता कामा नये. तोवर जंताचं औषध वजनावर, खायला भात, वरण, उकडलेलं अंडं. नुसत्या दुधावर ठेवायचं नाही. पहिली सुई टोचताना म्हणाले, "लोक पहिल्या सुईला येतात, नंतर तोंड दाखवत नाहीत."

"म्या दाखवीन," मी म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. हे त्यांनी बऱ्याच जणांकडून ऐकलेलं असणार.

घरी आल्यावर आधी पोतं जाळलं. आत्या बघत होत्या. "चांगलं पोतं जाळती, बया," एवढंच पुटपुटल्या. दावं त्याच्यातच टाकलं, ताटली भंगारात न देता खड्ड्यात पुरली. शेडचा तो कोपरा हातभर खोल उकरला, माती गावाबाहेरच्या नालीकडं नेऊन गाडली आणि मुरूम भरला. गावच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं मागितली. तो म्हणाला, "कुत्र्यासाठी व्हय?" म्हटलं, "तुझ्यासाठी मागितली असती तर लगेच दिली असतीस का?" हसत हसत डबाभर दिली. ती पाण्यात कालवून शेड, ओटा, जिना, सगळं धुतलं. हाताची साल निघाली.

पिल्लाला ठेवायचं कुठं, हे मी येतानाच ठरवलं होतं. आमच्या स्लॅबवर पत्र्याची एक खोली आहे. तिथं गावातलं एकही कुत्रं कधी चढलेलं नाही. तीच त्याची जागा. जिन्याच्या पहिल्या पायरीशी घमेल्यात पावडरीचं पाणी. वर जाणाऱ्यानं चपला खाली काढायच्या, पाय त्याच्यात बुडवायचे आणि मगच चढायचं. मालक दिवसभर गाडी चालवून दमून यायचे, त्यांनाही सूट नव्हती. "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत केलीस तू माझी," ते म्हणायचे आणि पाय बुडवायचे. गल्लीतल्या बायका खालून विचारायच्या, "काय म्हणतंय माडीवरचं पाव्हणं?" मी म्हणायची, "झोपलंय, हळू बोला."

रोज सकाळी उठले की आधी त्याची शी बघायची. घट्ट आहे का, वास कसा आहे. माझ्या पोरीची लहानपणी मी एवढी बघितली नव्हती. करडं विकताना टांगून मोजायचा काटा आहे, पिल्लाला पिशवीत घालून त्याच्यावर वजन करायची. वाढत होतं. दुसऱ्या सुईला एस.टी.नं गेले, पिल्लू टोपलीत, टोपली मांडीवर. शेजारची बाई लाडानं हात पुढं करायला लागली तशी मी टोपली झाकली. "हात लावू नका. कुणाकुणाच्या कुत्र्याला लावलेला असंल." बाईला राग आला. येऊ दे म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बघितलं आणि म्हणाले, "आलात?" बाकी काही नाही. पण मला बरं वाटलं.

याच दिवसांत मला एक गोष्ट कळली. एका दुपारी मी शेळ्या घेऊन लवकर परतले, तर आत्या घरात नाहीत. वर गेले. आत्या उन्हात बसलेल्या, पाय ओले, लुगडं गुडघ्यापर्यंत धरलेलं, आणि मांडीवर पिल्लू झोपलेलं. त्यांचे गुडघे असे आहेत की देवळाच्या तीन पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबतात. आमच्या जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. मला बघून म्हणाल्या, "पापड वाळत घालाय आलते." पापडांचा हंगाम नव्हता आणि वर एकही पापड नव्हता. मी म्हटलं, "बरं झालं, घाला." खाली येऊन मी हसले. पाय धुऊन बसल्यात ना, मग बसू देत.

तिसऱ्या सुईला आठवडा राहिला आणि येळवस आली. आमच्या भागात वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस दिसत नाही. सगळी रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, लक्ष्मीची पूजा करायची, दाणे-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील, आणि जो येईल त्याला जेवायला बसवायचं. मी घरी राहते म्हणाले, तर आत्या म्हणाल्या, "सणाला रान सोडून घरी बसलीस तर लक्ष्मी काय म्हणंल?" मग मी पिल्लाला वरच्या खोलीत ठेवलं, पाणी ठेवलं, भात ठेवला, कडी लावली आणि उजाडताच आंबिलीचा डेरा घेऊन पुढं गेले. आत्या मागनं मालकांबरोबर टेंपोतून येणार होत्या.

त्या आल्या. शालीखाली पिल्लू.

मी तेव्हा पंगतीत वाढत होते. मला दिसलं तोवर ते हरभऱ्यात लोळत होतं आणि शेजारच्या रानातली दोन कुत्री त्याचं अंग हुंगत होती. तोंडाला भज्जी लागलेली. मी भांडं खाली टाकलं, धावले, उचललं. पाहुण्यांसमोर ओरडले, "आत्या, सुईला एक आठवडा राहिला व्हता. एकच आठवडा. तुम्हाला कळत कसं न्हाय?"

"येळवशीला मुंगी बी घरी ऱ्हात न्हाय," आत्या म्हणाल्या. "लेकराला एकट्याला कोंडून आपण गोडधोड खायचं व्हय? बघ कसं खेळतंय. उगं नाहक डांबलं व्हतंस." पाहुणे हसले. मी सून असून सासूवर चारचौघांत ओरडले, याचंच सगळ्यांना जास्त वाटलं. मी न जेवता पिल्लू घेऊन घरी चालत आले.

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं अंड्याला तोंड लावलं नाही. मग फेसाळ उलटी केली. मग तो वास आला. मी तो तीनदा घेतलाय, मला सांगायला कुणी नको. पिल्लू उचलून खाली आले. आत्यांनी माझं तोंड बघितलं आणि चपला पायात घातल्या.

"तुम्ही नका येऊ."

"म्या येते."

"आत्या, नका म्हणते ना."

"म्या येते म्हणलं ना." आणि माझ्या आधी जाऊन टमटममध्ये बसल्या.

डॉक्टरांनी तपासणी केली. आधीची तिन्ही गेली तोच रोग, असं आत्यांसमोरच सांगितलं. "दोन सुया झाल्यात म्हणून लढायची ताकद आहे," ते म्हणाले. "पण जगेल असं मी सांगू शकत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ सलाईन लागेल." मी म्हटलं, चालंल. डॉक्टरांनी आम्हाला मागच्या वऱ्हांड्यात, बाकीच्या जनावरांपासून लांब बसवलं. पिल्लाच्या पायात सुई, सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला. आत्या शेजारी. दोन दिवस मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलले ते पिल्लाशी. "मरायचं न्हाय. म्या पोतं जाळलंय, माती उकरलीय, हात सोलून घेतलेत. असं मरायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी आमच्या गावातला एक जण गाभण गाय तपासायला आला. आम्हाला बघून लांबूनच म्हणाला, "हे बी चाललं काय? वहिनीच्या हाताला लाभतच न्हाय म्हणा की."

मी खाली मान घातली. आता आत्या हो म्हणणार, हे मला ठाऊक होतं.

"गप रं," आत्या म्हणाल्या. "हिच्या हाताचं न्हाय. म्या नेलतं रानात. म्या खाली सोडलं, ह्या हातानं." त्यांनी दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. "आन् आधीची तिन्ही बी हिच्या हातानं न्हाय गेली. रोगानं गेली. ते बी गावात सांग जा."

तो गडी गाय घेऊन निघून गेला. सात वर्षं मी या बोलण्याची वाट बघितली होती. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. त्यांचे हात अजून तसेच पुढं होते. मी "असू द्या आत्या" म्हणायला पाहिजे होतं. म्हणाले नाही. राग अजून उतरला नव्हता.

चौथ्या दिवशी पिल्लानं मान उचलली आणि माझ्या तळहातावरची भाताची पेज चाटली. एकदा, मग परत. मी वळून म्हटलं, "आत्या, बघा, जरा तुम्ही पाजा." आत्यांनी हात पदरात घेतले. "नगं. तूच पाज. माझा हात नगं लावू त्याला."

मला वाटलं, दमल्या असतील. पण घरी आल्यावरही तेच. पिल्लू हिंडू-फिरू लागलं, भुंकू लागलं, तरी आत्या जिना चढल्या नाहीत. खालून विचारायच्या, "खाल्लं का त्यानं?" मी म्हणायची, वर येऊन बघा. त्या म्हणायच्या, "गुडघं दुखत्यात." एकदा ते जिन्यावरून शेवटच्या पायरीपर्यंत आलं, तर आत्या ओट्यावरून उठून आत गेल्या. हात पदरात.

मला आधी थोडं बरंच वाटलं, हे लपवत नाही. घ्या म्हटलं, कसं वाटतंय बघा. दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा पदरात गेलेला हात नीट बघितला. असा मागं जाणारा हात मी ओळखते. मग मला जो राग आला तो आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. या घरात एकीचा हात वाईट ठरल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही का? माझ्यावरून उतरलं ते आता म्हातारीवर बसलं होतं, आणि तिनं ते स्वतःच घेतलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, अंगात ताकद येऊ दे, तीन आठवड्यांनी तिसरी सुई. त्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "आत्या, चला उमरग्याला."

"म्या कशाला? तू जा की."

"दणकट झालंय ते. मला एकटीला आवरत न्हाय."

"त्याला घेऊन जा संगं," त्या मालकांकडं हात करून म्हणाल्या.

"त्यांची शाळा हाय. चपला घाला."

माझा आवाज कसा होता कुणास ठाऊक, पण त्यांनी चपला घातल्या. टमटममध्ये टोपली माझ्या मांडीवर होती आणि आत्या दुसऱ्या टोकाला बाहेर बघत बसल्या होत्या.

डॉक्टरांनी दोन सुया भरल्या. पिल्लू टेबलावर ठेवलं, ते टेबलाची कड चावायला लागलं. "कोण धरतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी दोन पावलं मागं सरले. "आत्या धरत्यात."

"नगं गं," आत्या हळूच म्हणाल्या. "आता बरं झालंय ते. माझ्या हातानं परत काय..."

"आत्या, पुढचे दोन पाय आन् मान. घट्ट धरा. हललं तर सुई मोडंल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जागची हलले नाही. डॉक्टर सुई घेऊन थांबले होते. आत्यांनी पदराला हात पुसले, एकदा, दोनदा, आणि पुढं होऊन पिल्लाला धरलं. सुई गेली तसं ते केकाटलं, वळलं आणि त्यांच्या मनगटाला दात लावले. आत्यांनी डोळे मिटले, पण हात काढला नाही.

"अजून एक आहे," डॉक्टर म्हणाले.

"द्या," आत्या म्हणाल्या. "म्या धरलंय."